ताणकाटा

आमच्या जुन्या घराच्या ओसरीत तुळईला एक लोखंडी कडी ठोकलेली आहे. आता तिला काही टांगलेलं नसतं. घरी आलेला पाहुणा वर पाहतो आणि विचारतो, "पाळणा होता का इथं?" मी हो-नाही करून विषय बदलतो. पाळणा नव्हता. कापूस मोजायचा ताणकाटा होता.

१९७६ साली मी दहावीची परीक्षा दिली. पास झालो, पण पुढचं शिक्षण काही झालं नाही. घरावर कर्ज होतं. थोरल्या बहिणीचं लग्न त्याच साली झालं होतं. बाबा म्हणाले, "आता शिकला तेवढं पुरे. वही धर." वही म्हणजे कापूस वेचणाऱ्या बायांच्या हिशेबाची वही. दिवाळीनंतर पऱ्हाटी फुटली, वावरं पांढरी झाली आणि मी वही धरली.

तेव्हा आमच्याकडं पंचवीस एकर वावर होतं. आम्ही कुणबी. वाडेवाले पाटील नव्हतो, पण खाऊनपिऊन होतो. वेचणीला पंधरा-वीस बाया यायच्या. काही आमच्या भावकीतल्या, काही बौद्धपुऱ्यातल्या. दिवसभर वेचायचं, दिवस बुडता गठुडं बांधून डोक्यावर घरी आणायचं. बाबा ओसरीवर उभे. गडी गठुडं कडीच्या काट्याला अडकवायचा, बाबा आकडा वाचायचे आणि मी लिहायचो.

काटा ओसरीत होता आणि त्याची पितळी पट्टी घराकडं तोंड करून होती. भावकीतल्या बाया ओसरीवर चढून यायच्या, पाणी प्यायच्या, काट्याशी उभ्या राहून आकडा पाहायच्या. बौद्धपुऱ्यातल्या बाया गठुडं ओट्याच्या काठावर ठेवून खाली अंगणात सरकायच्या. त्यांना पाणी वरून ओंजळीत. आकडा त्यांना दिसायचा नाही, ऐकू यायचा. आणि ऐकू येणाऱ्या आकड्यातून कडता कापलेला असायचा. बावीस किलो भरलं की बाबा म्हणायचे, "वीस." ओल आहे, काडी-कचरा आहे, म्हणून दोन किलो कमी. ओल सगळ्यांच्याच कापसाला असते. पण भावकीतल्या बायांना कडता नव्हता. हे मला पहिल्याच संध्याकाळी दिसलं. दिसलं आणि मी वीस लिहिलं.

खोटं कशाला सांगू? त्या दिवशी मला काही वाटलं नाही. रीत आहे, एवढंच वाटलं.

त्याच हिवाळ्यात गावच्या वाचनालयातून मी एक पुस्तक आणलं. पहिली पानं फाटलेली, त्यामुळं मराठीत कोणी केलं ते कळायला मार्ग नव्हता. पुस्तक होतं हॅरिएट बीचर स्टोव या अमेरिकन बाईचं, 'अंकल टॉम्स केबिन'. रात्री कंदिलाशी बसून वाचू लागलो. माय ओरडायची, घासलेट जळते म्हणून.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. केंटकी नावाच्या राज्यात शेल्बी नावाचा जमीनदार आहे. त्याच्याकडं टॉम हा काळा गुलाम. इमानी, देवभोळा, सगळा कारभार सांभाळणारा. शेल्बी कर्जात बुडतो. त्याच्या हुंड्या गुलामांच्या व्यापाऱ्याच्या हाती गेलेल्या असतात. कर्ज फेडायला तो टॉमला विकतो आणि सोबत एलायझा या बाईचं लहान पोरगंही विकतो. एलायझा दाराआडून ते ऐकते आणि रातोरात पोराला घेऊन पळते. ओहायो नदीत बर्फाचे मोठमोठे तुकडे वाहत असतात, त्यांच्यावरून उड्या मारत ती पलीकडं जाते. टॉम पळत नाही. तो दक्षिणेकडं विकला जातो. एक मालक बरा मिळतो, पण तो टॉमला सोडायचे कागद करायच्या आधीच मरतो. मग टॉम पुन्हा विकला जातो, लुईझियानातल्या सायमन लेग्री या राक्षसाच्या कापसाच्या मळ्यावर.

कापूस! मी ताठ बसलो. तोवर मला वाटत होतं, हे कुठल्या तरी दूरच्या मुलखातलं दुःख आहे. आता पुस्तकात आमचंच पीक उगवलं.

पुढचं पान तर मी जन्मात विसरणार नाही. दिवस बुडतो. थकलेली माणसं कापसाच्या टोपल्या घेऊन काट्याशी येतात. लेग्रीच्या हातात पाटी आहे, पाटीला नावांची यादी चिकटवलेली आहे आणि तो एकेकाचं वजन मांडतोय. एक आजारी बाई लडखडत येते. दिवसा टॉमनं आपल्या हातचा कापूस तिच्या पिशवीत घातलेला असतो. तिची टोपली बरोबर वजनाची भरते, लेग्रीला ते दिसतं. पण लेग्री ओरडतो, कमी आहे. आणि टॉमला सांगतो, हिला चाबकानं झोडप. टॉम नाही म्हणतो.

मी पुस्तक मिटलं. समोर कडीला आमचा काटा लटकत होता. कंदिलाच्या उजेडात त्याची सावली भिंतीवर पडली होती. पाटी आणि यादी. वही आणि मी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळ्यांत शेवटी मोठी माय आली. तिचं नाव वहीत वेगळं होतं, पण सगळा गाव तिला मोठी माय म्हणायचा. बौद्धपुऱ्यातली, चाळिशीची, वेचण्यात तिचा हात कोणी धरत नसे. तिचं गठुडं चोवीस भरलं. बाबा म्हणाले, "बावीस." मी लेखणी उचललेली तशीच धरली. बाबांनी पाहिलं आणि पुन्हा म्हणाले, "बावीस." मी बावीस लिहिलं.

रात्री जेवताना धीर करून विचारलं, "बाबा, चोवीस होते ना?"

बाबांनी घास खाली ठेवला. ओरडले नाहीत. "जिनवाला आपल्या बंडीमांगं किती कापते, मालूम आहे का तुले? तो आपल्याले कापते, आपण यायले कापतो. नाहीतं सावकाराले काय देशीन, तुही दहावी?"

मी गप्प झालो. त्याच आठवड्यात टॉमचा मरणाचा भाग वाचला. दोन बाया लेग्रीच्या तावडीतून निसटतात. त्या कुठं आहेत हे टॉमला ठाऊक असतं, पण तो सांगत नाही. त्याला मरेस्तोवर मारतात. शेल्बीचा मुलगा जॉर्ज त्याला सोडवायला पैसे घेऊन येतो, पण उशीर झालेला असतो. मी गोधडीत तोंड खुपसून रडलो. आणि दिवस बुडता कडत्याचा आकडा लिहिला. दोन्ही गोष्टी एकाच पोरानं केल्या. तो पोरगा मी होतो.

पुष्कळ वर्षं मला वाटायचं, या पुस्तकातला खरा पापी लेग्री. आता वाटतं, लेग्रीचा राग करणं सोपं आहे. तो दारू पितो, चाबूक मारतो. आपण कोणी लेग्री नसतो. पण शेल्बी? तो भला माणूस आहे. त्यानं टॉमवर कधी हात उगारला नाही. त्याची बायको रडते. पैसे आले की टॉमला परत आणू, असा शब्द ते देतात. आणि ज्या सकाळी टॉमला बेड्या घालून नेतात, त्या दिवशी शेल्बी मुद्दाम परगावी निघून जातो. का? तर ते बघायला नको. कर्ज खरं, अडचण खरी, डोळ्यांतलं पाणीही खरं. पण माणूस विकला तो विकलाच. असले शेल्बी नसते तर लेग्रीला माणसं कुठून मिळाली असती? स्टोवबाईनं हे नेमकं दाखवलं. माझे बाबा लेग्री नव्हते. ते शेल्बी होते. आणि मी त्यांचा मुलगा.

हे पुस्तक १८५२ साली निघालं. त्याच्या दोनच वर्षं आधी तिथं कायदा झाला होता की पळालेला गुलाम सापडला तर उत्तरेतल्या लोकांनीही तो पकडून द्यावा. त्या रागातून बाईनं लिहिलं. पहिल्याच वर्षी अमेरिकेत तीन लाख प्रती खपल्या. १८६१ मध्ये तिथं यादवी युद्ध पेटलं आणि १८६५ मध्ये गुलामी कायद्यानं संपली.

त्या युद्धाचा आणि आमच्या वऱ्हाडाचा नातं काय, हे मला पुढं कळलं. इंग्रजांच्या गिरण्यांना बहुतेक कापूस अमेरिकेतून जायचा, गुलामांनी वेचलेला. युद्धात उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं अडवली, कापूस थांबला आणि गिरण्यांची नजर हिंदुस्थानाकडं वळली. मुंबईत भाव आभाळाला भिडले. आमच्याकडं ज्वारीच्या रानात पऱ्हाटी शिरली. युद्ध संपताच भाव कोसळले, मुंबईतले मोठमोठे बुडाले. पण इथली पऱ्हाटी काही हटली नाही. १८७० मध्ये जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला तोही कापसासाठीच. म्हणजे आमच्या पांढऱ्या सोन्याच्या मुळाशी त्या काळ्या माणसांचा घाम आहे. आमचं पीक त्यांच्या पिकाचं धाकटं भावंडं.

हे नातं आमच्याकडं एका माणसानं फार आधी ओळखलं होतं. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिली. ती त्यांनी अर्पण केली अमेरिकेतल्या त्या भल्या लोकांना, ज्यांनी काळ्यांना गुलामीतून सोडवण्यासाठी झीज सोसली. आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा, ही त्यांची आशा होती. जात म्हणजे वर्णभेद नव्हे, दोन्हींचं मूळ वेगळं, रीत वेगळी. पण ओसरी कोणाची आणि अंगण कोणाचं, हे जन्मावरून ठरतं, एवढं दोन्हीकडं सारखं. फुले माळी होते, बागाईत जाणणारे. त्यांना ते दिसलं. मला दहावी होऊनही दिसायला वेळ लागला.

माझी नात पुण्याला कॉलेजात शिकते. तिला टॉमची गोष्ट सांगितली तर ती म्हणाली, "आजोबा, अमेरिकेत 'अंकल टॉम' ही शिवी आहे. गोऱ्यांपुढं लाचार होणाऱ्या काळ्याला म्हणतात." मला वाईट वाटलं. तिनं समजावलं की या गोष्टीवर पुढं नाटकं निघाली आणि त्यांत टॉमचा लाचार म्हातारा करून टाकला. पुस्तकातला टॉम तसा नाही. तो धिप्पाड आहे आणि दोनदा नाही म्हणतो. चाबूक चालवणार नाही आणि पळालेल्यांचा पत्ता सांगणार नाही. लाचार माणूस असा मरत नाही.

पण नातीनं आणखी एक सांगितलं, ते मला लागलं. जेम्स बाल्डविन नावाच्या काळ्या लेखकानं १९४९ मध्ये या कादंबरीवर कडक लिहिलं. त्याचा सूर असा की असल्या भावनेच्या पुरात खोटेपणा असतो. वाचणारा रडून मोकळा होतो आणि काळा माणूस माणूस न राहता रडण्याचं निमित्त होतो. मी नातीला म्हणालो, "बाई, तो माझ्याविषयीच बोलला." गोधडीतलं माझं रडणं त्यानं न पाहता ओळखलं होतं.

तिनंच मला पुढचा इतिहास सांगितला. गुलामी संपली तेव्हा काही ठिकाणी सुटलेल्या माणसांना चाळीस एकरांपर्यंत जमीन द्यायचं ठरलं. थोडी वाटलीही. मग नव्या अध्यक्षानं ती जुन्या मालकांना परत देऊन टाकली. हातात जमीन नाही, बैल नाही. मग त्याच वावरात बटईनं कापूस. बी-बियाणं, खाणंपिणं मालकाकडून उधार. वर्षाअखेर हिशेब मालकाच्या वहीत, आणि वहीत बहुधा देणंच निघायचं. काळ्यानं आकड्याला हरकत घ्यायची सोय नव्हती. जीव जायचा. मी ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, लेग्रीचा चाबूक गेला, पाटी राहिली.

असाच एक बटईदार होता, मोझ राइट, मिसिसिपी राज्यातला. १९५५ च्या ऑगस्टमध्ये शिकागोहून त्याच्याकडं पाहुणा आला. एमेट टिल, चौदा वर्षांचा पोरगा. दुकानातल्या गोऱ्या बाईशी तो आगळीक करून बोलला, असं म्हणून दोन गोऱ्यांनी त्याला रात्री घरातून उचललं. पुढं नदीत त्याचं प्रेत मिळालं. ते वर येऊ नये म्हणून गळ्याला काटेरी तारेनं काय बांधलं होतं? जिनिंगचा पंखा. कापसातली सरकी काढायच्या यंत्राचा तीसएक किलोचा लोखंडी पंखा. मी आयुष्यभर जिनात जात आलो. तो पंखा कसा असतो, मला माहीत आहे. ती रात्र मला झोप लागली नाही.

मोझ राइट कोर्टात उभा राहिला आणि भर सभेत त्या गोऱ्यांकडं बोट दाखवून म्हणाला, हेच ते. त्या काळी तिथं हे बोट उचलणं म्हणजे मरणाला बोलावणं. सगळ्या गोऱ्या पंचांनी तासाभरात दोघांना निर्दोष सोडलं. पुढच्या वर्षी त्या दोघांनी पैसे घेऊन एका मासिकाला आपणच मारल्याचं सांगितलं. मोझ राइटला मुलूख सोडावा लागला.

मला वाटायचं, झालं, हे जुनं. मग २०२० चा मे महिना आला. टाळेबंदी होती, अर्धा कापूस घरात पडून होता. नात गावीच अडकली होती. तिनं मोबाइलवर दाखवलं. मिनिआपोलिस शहरात जॉर्ज फ्लॉइड हा काळा माणूस रस्त्यावर पालथा आहे आणि गोऱ्या पोलिसाचा गुडघा त्याच्या मानेवर. तक्रार काय, तर वीस डॉलरची खोटी नोट चालवली. नऊ मिनिटांहून जास्त वेळ तो गुडघा हलला नाही. एका सतरा वर्षांच्या पोरीनं मोबाइल धरून ते सगळं टिपलं. तिनं ते टिपलं नसतं तर कागदावर दुसरंच लिहिलं गेलं असतं. पुढच्या वर्षी त्या पोलिसाला शिक्षा झाली.

मी नातीला म्हणालो, "ती पोरगी सतराची. मी वही धरली तेव्हा सोळाचा होतो." नात काही बोलली नाही. तिला वहीचं माहीत नव्हतं. त्या रात्री मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आजोबा, मोठी माय अजून आहे ना?"

होती. पंच्याऐंशीच्या घरात, डोळे गेलेले. टाळेबंदी उठली तसा मी गेलो. मी अंदाजानं हिशेब केला होता. दिवसाला दोन किलो, हंगामाचे इतके दिवस, मी वही धरली ती अकरा वर्षं. बाबा गेल्यावर मी कडता बंद केला होता, पण मागचं मागंच राहिलं होतं. आजच्या वेचणीच्या भावानं रक्कम काढली आणि पाकिटात घातली. तिच्या खाटेशी बसलो आणि सांगितलं, काट्यावर चोवीस असायचे, मी बावीस लिहायचो.

ती हसली. तोंडात दात नव्हता.

"मले समजत नव्हतं का बापू? डोक्शावरचं वजन मानेले समजते. काटा कायले पाहा लागते?"

मी म्हणालो, "मग बोलली काहून नाही?"

"कोनाले बोलू? दुसऱ्या दिवशी वावर तुमचंच." मग थोडं थांबून म्हणाली, "मी बी काही कमी नव्हती. कधी कधी तळाशी ओली ओंजळ दाबून देत होती. लिही आता माह्या नावावर."

मला हसू आलं आणि लाजही वाटली. चाळीस-पंचेचाळीस वर्षं मी तिला मनात टॉम करून ठेवलं होतं. सोसणारी, पवित्र. ती तशी नव्हती. ती माणूस होती. तिला न्याय मिळायला ती संत असायची गरज नव्हती. बाल्डविनचं म्हणणं मला तिच्या खाटेशी कळलं.

"आधी ओल का आधी कडता?" मी विचारलं.

"माह्या सासूपासून कडता आहे. ओल माही."

पाकीट तिनं चाचपलं आणि परत माझ्या हातात दिलं. "पैशे राहू दे तुह्यापाशी. तो काटा तेवढा खाली घे. आता माह्या नाती येतात तुह्या वावरात. तूच पाहतं अन् तूच सांगतं. त्यायले पाहू दे."

मी कडता बंद केला म्हणून स्वतःला भला समजत होतो. पण काटा होता तिथंच होता, ओसरीत, तोंड घराकडं करून. खरं वजन मीच वाचत होतो आणि बायांनी त्यावर विश्वास ठेवायचा होता. हे तिला आंधळेपणी दिसलं. मला दिसलं नव्हतं.

पुढच्या वेचणीला मी काटा उतरवला. आता अंगणात लिंबाखाली तिपाईला टांगतो, पट्टी सगळ्यांकडं तोंड करून. आकडा वेचणारी वाचते. वहीसुद्धा त्यांच्यातलीच एक पोरगी लिहिते, बारावी झालेली. तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. एकदा तिनं माझ्याच सुनेच्या गठुड्यातला पालापाचोळा काढायला लावून पुन्हा मोजलं.

मोठी माय त्या उन्हाळ्यात गेली. तिला काटा खाली आल्याचं कळलं होतं, तिच्या नातीनं सांगितलं. ती काय म्हणाली, ते मी विचारलं नाही.

कडी मात्र मी काढली नाही. आता कोणी पाळणा होता का विचारलं, तर विषय बदलायचा नाही, असं ठरवून हे लिहिलं आहे.